घराण्यात आहे का?

"आमच्या घरात तर कुणालाच नव्हता हो मॅडम." ब्रेस्ट कॅन्सरचं निदान होऊन माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक बायका पहिल्या पाच मिनिटांतच हे बोलतात. आणि याच्या उलट ज्यांची आई गेली, मावशी गेली, त्या येतात तेव्हा कुठलीही तपासणी व्हायच्या आधीच मनानं हरलेल्या असतात, आता माझाच नंबर, आमच्या रक्तातच आहे ना, असं म्हणतात. दोघी एकच गोष्ट धरून चाललेल्या असतात, की कॅन्सर एक तर घराण्यातून येतो नाहीतर येतच नाही. मी जेनेटिक काउन्सेलर आहे, म्हणजे आजार घराण्यातून येण्याची शक्यता किती हे तपासून समजावून सांगते, पुण्यात काम करते, आणि माझा अख्खा दिवस या एका समजुतीभोवती फिरतो म्हटलं तरी चालेल.

हाच प्रश्न, म्हणजे एकीला होतो आणि दुसरीला का होत नाही, त्यात रक्ताचा भाग किती आणि बाकीचा किती, हा प्रश्न घेऊन १९४५ च्या आसपास परळला एक मराठी बाई उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी बसली होती. डॉ. कमल रणदिवे. २०२१ मध्ये ८ नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिवशी, गुगलनं त्यांचं डूडल केलं तेव्हा दिवसभर सगळ्या ग्रुपवर त्यांचा फोटो फिरला, मराठी पाऊल पडते पुढे वगैरे झालं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. त्यांनी नक्की काय केलं हे मात्र फारसं कुणी लिहिलं नाही, म्हणून मला लिहायचंय, आणि जरा सविस्तर लिहायचंय.

कमलताई मूळच्या पुण्याच्या, जन्म १९१७ चा, माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये बायॉलॉजी शिकवायचे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं असं वडिलांच्या मनात होतं, पण कमलताईंचा ओढा झाडं आणि प्राण्यांकडे, बॉटनी आणि झूलॉजीकडे. त्या तिकडेच गेल्या. पुढे १९३९ मध्ये लग्न झालं तेही गणितज्ञाशी, ज. त्रि. रणदिव्यांशी. आणि लग्नानंतर, १९४३ मध्ये, त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केलं, पुण्याच्या अ‍ॅग्रिकल्चर कॉलेजातून, विषय सीताफळाच्या कुळातल्या झाडांची सायटोजेनेटिक्स. म्हणजे सीताफळ, रामफळ ही जी सगळी मंडळी, त्यांच्या पेशींतली गुणसूत्रं.

हा विषय वाचला तेव्हा मला खूप जवळचं वाटलं, कारण गुणसूत्रं पहिल्यांदा बघण्याचा अनुभव आमच्या पिढीतल्या प्रत्येक सायन्सच्या मुलीनं कांद्याच्या मुळावर घेतलेला असतो. मुळाचं अगदी टोक कापून घ्यायचं, अ‍ॅसिटोकार्मिन या रंगाच्या थेंबात ठेवायचं, स्पिरिटच्या दिव्यावरून स्लाइड नुसती फिरवायची, हाताला कोमट लागेल इतकीच, उकळू द्यायची नाही. मग कव्हरस्लिप, वर ब्लॉटिंग पेपर, आणि अंगठ्यानं सरळ खाली दाब. अंगठा जरा आडवा सरकला की पेशी एकमेकींवर चढतात आणि सगळं काम वाया. हे नीट जमलं की लालसर रंगाच्या काड्या दिसतात, आणि पहिल्यांदा दिसतात तेव्हा माणूस हरखून जातो. सीताफळात अशा काड्या १४ असतात आणि त्या कांद्याच्या मानानं खूपच बारीक. १९४० च्या दशकातल्या मायक्रोस्कोपखाली त्या मोजत बसणं म्हणजे डोळ्यांची आणि मानेची परीक्षा. ज्या बाईनं हे केलं तिला पुढे उंदरांच्या ग्रंथींच्या स्लाइड वर्षानुवर्षं बघायला जमल्या यात मला तरी नवल वाटत नाही.

पुढे त्या मुंबईला आल्या. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं, आणि तिथली पॅथॉलॉजी डॉ. वसंत रामजी खानोलकर सांभाळत होते. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. कमलताई त्यांच्या हाताखाली कामाला लागल्या आणि इथून पुढची सगळी वाट ब्रेस्ट कॅन्सरची आहे. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

आता त्या उंदरांबद्दल सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. सख्ख्या बहीणभावांचं प्रजनन वीस पिढ्या किंवा त्याहून जास्त करत राहिलं की उंदरांचं असं वाण तयार होतं ज्यातले सगळे उंदीर जनुकांनी जवळजवळ सारखे. जुळी भावंडं असावीत तसे. अशा वाणांत एक विचित्र गोष्ट दिसत होती. काही वाणांतल्या बहुतेक माद्यांना वय झालं की स्तनाचा कॅन्सर व्हायचा, आणि काही वाणांत कुणालाच नाही म्हटलं तरी चालेल. खाणं तेच, पिंजरे तसेच, लॅब तीच. खानोलकर आणि कमलताईंनी असे चार वाण घेतले, कॅन्सरचा धोका कमीजास्त असलेले, आणि बघितलं काय तर त्यांच्या निरोगी स्तनग्रंथी. गाठ नाही, तर गाठ व्हायच्या आधीची अवस्था. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आजार झाल्यावर बघणारे बरेच असतात, पण अजून काहीच झालेलं नाही त्या शरीरात आधीपासून काय वेगळं चाललंय हे विचारणं, याला वेगळीच नजर लागते. माझ्याकडे येणाऱ्या मुली, ज्यांना कॅन्सर नाही पण आईला होता, त्यांचा सगळा प्रश्न हाच तर असतो.

स्तनग्रंथी तरी कशी दिसते, तर उंदराच्या कातडीखालचं ते पातळ पान स्लाइडवर पसरवून रंगवलं आणि त्यातली चरबी पारदर्शक केली की आत नळ्यांचं जाळं दिसतं, पानं गळलेल्या झाडासारखं, एका खोडाला फांद्या, त्यांना डहाळ्या, टोकाला कळ्या. वय वाढलं की फांद्या वाढतात, गाभण राहिली की कळ्याच कळ्या, दूध सुटलं की सगळं पुन्हा विरळ. म्हणजे हा अवयव एकदा घडून तसाच राहत नाही, आयुष्यभर घडतो आणि मोडतो, आणि हे सगळं हार्मोन्सच्या हुकमावर. फ्रान्समध्ये लाकासान्यनं १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं की नर उंदरांना इस्ट्रोजेन देत राहिलं तर त्यांनाही स्तनाचा कॅन्सर होतो. म्हणजे फक्त जनुकं नाहीत, हार्मोन्स पण आहेत.

आणि मग तिसरी गोष्ट आली जिची कुणी अपेक्षाच केली नव्हती. अमेरिकेत जॅक्सन लॅबोरेटरीत जॉन बिटनरनं १९३६ मध्ये जास्त धोक्याच्या वाणाची पिल्लं जन्मल्या जन्मल्या उचलून कमी धोक्याच्या वाणातल्या आईच्या अंगावर पाजायला ठेवली. तर त्या पिल्लांमधला कॅन्सर एकदम खाली आला. जनुकं तीच, आई दुसरी. म्हणजे जे सगळे घराण्याचं, रक्ताचं समजत होते त्यातला मोठा भाग दुधातून येत होता. पुढे कळलं की तो एक विषाणू आहे. (इथे थांबून एक सांगायलाच पाहिजे, हे उंदरांचं आहे. माणसात आईच्या दुधातून ब्रेस्ट कॅन्सर बाळाला जातो असं सिद्ध झालेलं नाही, उलट अंगावर पाजण्यानं आईचा स्वतःचा धोका कमी होतो. मुंबईतल्या पारशी बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतं म्हणून सत्तरच्या दशकात त्यांच्या दुधात असा विषाणू शोधून झाला, पण माणसाच्या बाबतीत तो धागा पुढे टिकला नाही. अर्धवट काहीतरी वाचून कुणी बाळाला पाजायचं थांबवू नये म्हणून मुद्दाम लिहितेय.)

तर कमलताईंचं आयुष्यभराचं काम या तिघांच्या मधलं आहे. आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू, यातलं एकटं कुणी पुरत नाही, एकानं जमीन तयार करायची, दुसऱ्यानं पाणी घालायचं तेव्हा कुठे गाठ धरते, आणि हे नातं कसं चालतं ते त्या वाणांमधून बघत राहिल्या. हे ऐकायला सोपं वाटतं, पण एकच गुन्हेगार पकडून दाखवा अशी सगळ्यांची मागणी असताना तिघांना एकत्र धरून ठेवायला फार चिकाटी लागते. माझ्यासमोरच्या बाईलाही एकच कारण हवं असतं. मी काय खाल्लं, मी काय पाप केलं, सासरी झालेला त्रास आतल्या आत साठला का. आणि तिला खरं उत्तर द्यायचं तर ते असं तीन-चार धाग्यांचंच द्यावं लागतं, आणि ते ऐकून तिच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मी कितीतरी वेळा बघितलंय.

माणसांतल्या जनुकाची गोष्ट खूप नंतर आली. मेरी-क्लेअर किंग नावाच्या अमेरिकन बाईनं सत्तरच्या दशकात हे काम हातात घेतलं, आणि ब्रेस्ट कॅन्सरसारख्या गुंतागुंतीच्या आजाराला एखादं एकच जनुक कारण असेल हे तेव्हा बहुतेकांना पटतच नव्हतं. तिनं २३ कुटुंबं घेतली, ज्यांच्यात हा आजार पिढ्यानपिढ्या येत होता, आणि १९९० मध्ये जाहीर केलं की यातल्या लहान वयात आजार होणाऱ्या कुटुंबांत एक जनुक आहे आणि ते १७ व्या गुणसूत्रावर आहे. त्यालाच आज ब्राका-१ (BRCA1) म्हणतात. १९९४ मध्ये ते प्रत्यक्ष हाती लागलं, पाठोपाठ १३ व्या गुणसूत्रावरचं ब्राका-२. वरवर बघता किंग म्हणतेय एकच जनुक आणि कमलताईंचे उंदीर म्हणतायत एकटं जनुक पुरत नाही, पण दोघींचं बरोबर आहे. ब्रेस्ट कॅन्सरच्या सगळ्या पेशंटमध्ये साधारण ५ ते १० टक्क्यांनाच अशा एका बिघडलेल्या जनुकामुळे होतो, बाकीच्या ९०-९५ टक्क्यांत सगळं मिसळलेलंच असतं. म्हणून "आमच्यात कुणाला नव्हता" हे ढाल म्हणून चालत नाही, आणि "आमच्यात होता" ही शिक्षाही नसते.

माझ्या टेबलावरचं मुख्य काम म्हणजे वंशावळ काढणं. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आजार असेल तर आत रंगवायचं, माणूस गेलेलं असेल तर तिरपी रेघ. ऐकायला किती सोपं. पण प्रत्यक्षात आजीपाशी गाडी अडते. "आजी कशानं गेल्या?" "काय माहीत, पोटात गाठ होती म्हणे." "म्हणजे अंडाशयाची?" "असेल, त्या काळात कोण सांगतंय." बाईच्या पोटातलं दुखणं आणि छातीतली गाठ घरात बोललीच गेली नाही, नवऱ्याला सांगायला लाज, सासूला सांगायची भीती, आणि पुढे मुलींच्या लग्नात अडचण नको म्हणून गेल्यावरही लपवलेलं. दोन पिढ्यांनंतर त्या गप्प बसण्याची किंमत नात मोजते, कारण कागदावर तिच्या आजीचा गोल मला रिकामा सोडावा लागतो. आणि आजोळचं किमान अर्धं तरी सांगता येतं, वडिलांच्या बाजूचं काही विचारलं तर बायका माझ्याकडेच आश्चर्यानं बघतात. बाईचा आजार म्हणजे बाईकडूनच येणार असं पक्कं बसलंय डोक्यात. तर तसं अजिबात नाही. ब्राकाचा बिघाड बापाकडूनही तितकाच येतो, मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात उतरायची शक्यता निम्मी.

मध्यंतरी एक ताई आल्या होत्या, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. वय चाळिशीच्या आत, गाठ निघाली, टेस्ट केली, ब्राका-२ चा बिघाड सापडला. आईकडे काहीच नाही. वडिलांच्या बहिणी तिघी, त्यातल्या दोघी लवकर गेलेल्या, पण आत्या म्हणजे "सासरी गेलेल्या", त्यांचं दुखणं तिथलं, आपल्या घराण्यात मोजायचंच नाही असा हिशोब. ताईंना एक भाऊ आहे. मी म्हटलं त्यांनाही टेस्टला आणा. ताई गोंधळल्या, "त्याला कशाला, तो पुरुष आहे ना?" मग समजावलं, ब्राका-२ मुळे पुरुषांनाही प्रोस्टेटचा धोका वाढतो, क्वचित स्तनाचा कॅन्सर पण होतो, आणि मुख्य म्हणजे त्याला दोन मुली आहेत. भाऊ आधी फोनवर नको म्हणाला. यावर पुढे लिहिते.

कमलताई पीएच.डी. नंतर अमेरिकेला गेल्या, बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये टिश्यू कल्चर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र, शिकायला. हे गाय म्हणजे तेच, ज्यांच्या लॅबमध्ये १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी बाटलीत जगल्या आणि वाढतच राहिल्या, हेला पेशी. माणसाच्या अशा न मरणाऱ्या पेशी पहिल्यांदाच मिळत होत्या. त्याआधी शरीराबाहेर पेशी जगवणं म्हणजे महाकठीण, गाय यांच्या लॅबमध्ये त्यासाठी कोंबडीचा प्लाझ्मा, गाईच्या गर्भाचा अर्क आणि नाळेतल्या रक्ताचं सीरम असं मिश्रण लागायचं, आणि नळ्या सावकाश फिरत ठेवणारा एक पिंप गाय यांनी स्वतः बनवला होता. जरा कुठे जंतू शिरला की महिन्याचं काम गेलं. ही सगळी विद्या घेऊन कमलताई परत आल्या आणि मुंबईत त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. १९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकारानं परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, तिथे. कदाचित तिकडेच राहता आलं असतं, पण त्या आल्या, आणि हे आलेलं असणं मला त्यांच्या पेपरांपेक्षाही मोठं वाटतं.

हेन्रिएटाला तिच्या पेशींबद्दल कुणी विचारलं नव्हतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली आणि तिच्या मुलांना या सगळ्याचा पत्ता लागायला वीसेक वर्षं लागली. आज मी पेशंटला संमतीपत्र वाचून दाखवते, तुमचं रक्त कशासाठी वापरणार, उरलेला नमुना ठेवायचा का, रिपोर्ट कुणाला सांगायचा, तेव्हा बायका म्हणतात "करा हो सही, कुठे करायची ते सांगा". मी पेन देत नाही लगेच. आधी वाचून होऊ दे.

आणि टिश्यू कल्चरचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडची एक काळी बाजू. गर्भजलातल्या पेशी वाढवायच्या आणि त्यांची गुणसूत्रं बघायची, हे तंत्र बाळातला गंभीर दोष ओळखायला म्हणून सत्तरच्या दशकात भारतात आलं आणि बघता बघता मुलगी आहे का हे बघायला वापरलं गेलं. बायकांच्या आरोग्यासाठी शिकलेली विद्या बायका जन्मालाच येऊ नयेत म्हणून वापरली. त्याविरुद्ध बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं कायदा केला, मग १९९४ मध्ये केंद्राचा आला. माझ्या खोलीबाहेर गर्भलिंगनिदान केलं जात नाही हा बोर्ड आहे, मी कॅन्सरचं काम करते तरी आहे. तो बघून आत येणाऱ्या बायकांच्या मनात जेनेटिक्सबद्दल संशय असतो आणि तो संशय त्यांनी आपल्याच माणसांकडून कमावलेला आहे.

कमलताईंनी कुष्ठरोगावर पण मोठं काम केलं, सहकाऱ्यांबरोबर, त्या रोगाच्या लशीच्या कामात त्यांच्या संस्थेत वाढवलेले जंतू वापरले गेले. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९६६ ते १९७० रिसर्च सेंटरचं संचालकपद सांभाळलं. दोनशेवर पेपर. हे सगळं कुठेही सापडेल म्हणून इथे भरभर सांगतेय.

त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की लोक एकच विचारतात, पण त्यांनी शोध कोणता लावला? बायोकेमिस्ट कमला सोहोनींबद्दल असं विचारत नाहीत, कारण त्यांच्या आयुष्यात एक प्रसंग आहे, बंगलोरला सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला आणि त्यांनी तो लढून मिळवला, तो ऐकला की अंगावर काटा येतो आणि तो योग्यच आहे. कमलताईंच्या आयुष्यात असा सांगण्यासारखा एक क्षण नाही. आहे ते वर्षानुवर्षांचं काम. पण विचार करा, देशात कॅन्सरच्या पेशी बाटलीत वाढवता येत नव्हत्या, त्या वाढवायला लागल्या. उंदरांचे वाण सांभाळणं, त्यांच्या नोंदी ठेवणं, कॅन्सर कसा होतो याचा, पेशींचा, इम्युनॉलॉजीचा म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा वेगळा विभाग उभा करणं, त्यात मुलं घडवणं. परळची ती संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि आज तिचं संशोधन खारघरला अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात चालतं. एखादा शोध त्यांच्या नावावर नसेल, पण इथे बसून शोध लावता येईल अशी जागा त्यांच्यामुळे झाली, आणि माझ्या मते याचं मोल कमी धरणं हा अन्याय आहे.

१९७३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या अकरा सहकारी बायकांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन काढली. मुख्यालय वाशीला. आणि नुसती भाषणं आणि पुरस्कार नाही केले, वर्किंग बायकांसाठी होस्टेल काढलं, पाळणाघर काढलं. लॅबमध्ये काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, पेशी रविवार बघत नाहीत. त्यांचं मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते द्रव, बदलायची वेळ आली की आली, बाळाला ताप असो नाहीतर घरी पाहुणे. माझी मुलगी सात महिन्यांची असताना मी ज्या ठिकाणी काम करत होते तिथे मला सांगितलं गेलं की हे प्रोजेक्ट आता दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्हाला झेपणार नाही. झेपतंय का हे मला कुणी विचारलं नाही. मला पेशींबद्दल कमी कळत होतं म्हणून नाही, मुलीला ठेवायला जागा नव्हती म्हणून मी लॅबचं काम सोडलं आणि काउन्सेलिंगला आले. आता हे काम मला मनापासून आवडतं, पण तेव्हा गेलेलं ते काम मला अजून लागतं. त्यामुळे त्या काळात एका कॅन्सर सायंटिस्ट बाईला पाळणाघर हा सायन्सचाच प्रश्न वाटला, याची किंमत मला कळते.

रिटायर झाल्यावरही त्या घरी बसल्या नाहीत. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात, राजूरच्या भागात, आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला, आणि असोसिएशनच्या माध्यमातून तिथल्या खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण द्यायचं काम केलं. ज्यांनी हा भाग बघितलाय त्यांना माहीत आहे, भंडारदऱ्याचा पाऊस, डोंगरउताराची शेती, आणि पाड्यावरून दवाखान्यापर्यंतची पायपीट. आयुष्यभर मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर शेवटी त्या मुलांचं वजन मोजायला गेल्या. काही जण याला समाजसेवा म्हणतात आणि संशोधनापासून वेगळं काढतात, मला ते पटत नाही. एकीला होतो आणि दुसरीला का नाही, यात काय खायला मिळालं आणि गाठ लागली तेव्हा कुणाला सांगता आलं हेही येतंच की. ११ एप्रिल २००१ ला त्या गेल्या.

आज आपल्याकडे बायकांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर ब्रेस्टचाच आहे. टेस्ट उपलब्ध आहेत, पहिल्यापेक्षा स्वस्त झाल्यात. पण अजून असे रिपोर्ट येतात ज्यात लिहिलेलं असतं की जनुकात बदल सापडलाय पण तो धोक्याचा आहे की नाही हे सांगता येत नाही. आपल्याकडच्या लोकांमध्ये असे रिपोर्ट जास्त निघतात, कारण ज्या माहितीशी तुलना करायची ती बरीचशी युरोपियन वंशाच्या लोकांची आहे. मराठवाड्यातल्या, कोकणातल्या, अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवरच्या बायकांमध्ये कुठले बदल सहज आढळतात आणि निरुपद्रवी असतात हे कुणीतरी बसून गोळा करायला हवंय. तोवर मला त्या बाईला "अर्थ अजून ठरलेला नाही" असं सांगावं लागतं, आणि "म्हणजे आहे की नाही?" या तिच्या प्रश्नाला उत्तर नसतं. सध्या मी एवढंच करते की अशा रिपोर्टच्या घरातल्या आणखी माणसांची माहिती गोळा करते, कोणाला आजार आहे आणि त्याच्यात तो बदल आहे का, कोणाला नाही. त्यातूनच पुढे त्या बदलाचा अर्थ लागतो.

वर ज्या ताईंचं सांगितलं त्यांचा भाऊ शेवटी आला. बायकोनं आणला. मी वंशावळ त्याच्यासमोर ठेवली, त्याच्या दोन्ही आत्यांचे गोल रंगवलेले होते, तो बघत राहिला आणि म्हणाला, धाकटी आत्या मला दर दिवाळीला फटाके आणायची. मग त्यानं संमतीपत्र पहिल्या ओळीपासून वाचलं, दोन ठिकाणी मला अर्थ विचारला, आणि रक्त दिलं. रिपोर्ट यायला अजून वेळ आहे. मुली लहान आहेत, त्यांची टेस्ट आत्ता करायची नसते, मोठ्या झाल्या की करायची का नाही ते त्यांनी ठरवायचं, हे मी त्याला सांगितलं. आत्यांबद्दल मात्र मुलींना आत्तापासूनच सांगा म्हटलं, नावानिशी.